चित्राबाहेर राहिलेले सारबान

दक्षिण ऑस्ट्रेलियातील ॲडलेड शहरातून एक रेल्वेगाडी निघते आणि सुमारे तीन हजार किलोमीटरची सफर करून अगदी उत्तरेच्या डार्विन बंदराला पोहोचते. वाटेत लाल मातीचे वाळवंट, खुरटी झुडपे आणि मैलोन्‌मैल निर्मनुष्य प्रदेश लागतो. या गाडीचे नाव आहे 'द घान'. 'घान' हा 'अफगाण' या शब्दाचा शेपटाकडचा तुकडा. गाडीच्या बोधचिन्हावर एक उंट आहे आणि त्यावर स्वार झालेला एक माणूस. आज ही श्रीमंत पर्यटकांची गाडी आहे. तिची तिकिटे, तिच्यातले जेवण, तिच्या खिडकीतून दिसणारा सूर्यास्त यांची जाहिरात 'खरा ऑस्ट्रेलिया पाहा' अशा थाटात होते. मग त्या उंटावरचा माणूस कोण? तो खऱ्या ऑस्ट्रेलियात मोडतो की नाही? एका देशाने आपली ओळख चित्रांतून, गाण्यांतून, सिनेमांतून कशी घडवली आणि ती घडवताना कोणाला चौकटीबाहेर ठेवले, हे या प्रश्नाच्या मागे गेल्यावर दिसू लागते.

बी.एड.ला असताना इतिहासाच्या अध्यापनपद्धतीत 'राष्ट्रीय भावना वाढीस लावणे' हे उद्दिष्ट आम्ही पाठ केले होते. पाठटाचणात ते दरवेळी पहिल्या ओळीत लिहायचे असे. पण राष्ट्राची प्रतिमा कोणाच्या तरी कुंचल्यातून आणि कोणाच्या तरी लेखणीतून उतरते, ती आभाळातून पडत नाही, हे कोणी सांगितले नव्हते. ऑस्ट्रेलियाच्या बाबतीत ही प्रक्रिया फार जुनी नाही. त्यामुळे तिचे टाके स्पष्ट दिसतात.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथे सहा वेगवेगळ्या ब्रिटिश वसाहती होत्या. तिथे जन्मलेल्या गोऱ्यांच्या नव्या पिढीला आपण नुसते इंग्रज नाही, काही वेगळे आहोत असे वाटू लागले होते. हे वेगळेपण दाखवायचे कसे? भाषा इंग्रजांची, धर्म इंग्रजांचा, राणी इंग्रजांची. उरली ती जमीन. मेलबर्न शहराबाहेर हायडेलबर्ग नावाच्या भागात टॉम रॉबर्ट्स, आर्थर स्ट्रीटन, चार्ल्स कॉन्डर वगैरे चित्रकार उघड्यावर बसून तिथले ऊन, पिवळे गवत, निलगिरीची झाडे रंगवू लागले. १८८९ साली त्यांनी मेलबर्नमध्ये एक प्रदर्शन भरवले. त्यातली बरीच चित्रे सिगारच्या खोक्यांच्या नऊ इंच बाय पाच इंच झाकणांवर काढलेली होती. पुढच्याच वर्षी रॉबर्ट्सने आपले सर्वांत गाजलेले चित्र पुरे केले. मोठ्या गोठ्यात मेंढ्यांची लोकर कातरणारे पिळदार दंडांचे कामगार, घाम, श्रम आणि सोबत. मेलबर्नच्या राष्ट्रीय कलादालनात ते आजही आहे आणि ऑस्ट्रेलियन शाळकरी मुलाला ते माहीत नाही असे सहसा होत नाही.

चित्रकारांनी जे रंगांत केले ते सिडनीच्या 'बुलेटिन' साप्ताहिकाने शब्दांत केले. १८८० साली निघालेल्या या साप्ताहिकात हेन्री लॉसन आणि बँजो पॅटरसन लिहीत. १८९२ मध्ये दोघांत कवितेतून चांगलीच जुंपली. पॅटरसनला रानातले जीवन मोकळे आणि सुंदर वाटे, लॉसनला ते भकास आणि जीवघेणे वाटे. भांडण कसेही असो, खरा ऑस्ट्रेलियन रानात सापडतो यावर दोघांचे एकमत होते. तो उन्हाने रापलेला, कमी बोलणारा, वरिष्ठांना न जुमानणारा, आपल्या 'मेट'साठी म्हणजे जिवलग यारासाठी जीव टाकणारा. पॅटरसनने १८९५ मध्ये एका भटक्या मजुराचे गीत लिहिले, ते पुढे जवळजवळ दुसरे राष्ट्रगीत झाले. १९०६ मध्ये केली नावाच्या दरोडेखोराच्या टोळीवर तिथे चित्रपट निघाला. एक तासाहून मोठा असा जगातला तो पहिला कथापट मानला जातो. त्यातही रानच. गंमत अशी की चित्रकार आणि कवी बहुतेक शहरात राहणारे, आणि वाचकांतही मोठा वर्ग शहरातलाच होता. रॉबर्ट्सचा तर जन्मही इंग्लंडमधला. १९५८ साली रसेल वॉर्ड या इतिहासकाराने या सगळ्या कल्पनेला 'ऑस्ट्रेलियन दंतकथा' असेच नाव दिले.

आता मेंढ्या कातरण्याच्या त्या चित्राकडे आम्ही आमच्या नजरेने पाहतो. लोकर कातरली. तिच्या गठड्या बांधल्या. पुढे काय? कातरणीचा गोठा एकीकडे, रेल्वेचे टोक शेकडो किलोमीटर दूर, मध्ये पाण्याचा थेंब नसलेला मुलूख. बैल आणि घोडे पाण्यावाचून तिथे टिकत नसत. त्या गठड्या रेल्वेपर्यंत आणि नदीच्या बंदरापर्यंत कोणी नेल्या? देशाच्या कोरड्या भागात त्या उंटांनी नेल्या, आणि उंटांना हाकणारे होते आपल्या उपखंडातले मुसलमान.

उर्दूत उंट हाकणाऱ्याला 'सारबान' म्हणतात. आपल्या मराठी बखरींत सांडणीस्वार भेटतो, पण तो निरोप घेऊन पळणारा. हे सारबान ओझी वाहणारे. त्यांची पहिली ठळक नोंद १८६० सालची आहे. त्या वर्षी बर्क आणि विल्स या दोघांची प्रसिद्ध मोहीम मेलबर्नहून खंड ओलांडायला निघाली. त्यासाठी जॉर्ज लँडेल्स नावाच्या गृहस्थाने हिंदुस्थानातून चोवीस उंट नेले आणि त्यांच्याबरोबर काही माणसेही नेली. त्यांतला सामला हा हिंदू होता. मोहिमेतले गोमांस त्याला चालेना, म्हणून तो लवकरच सोडून गेला. दोस्त महंमद टिकून राहिला. एका उंटाच्या हल्ल्यात त्याचा एक हात कायमचा निकामी झाला. मेनिंडी गावाजवळ त्याची कबर आहे. बर्क आणि विल्स १८६१ मध्ये उपासमारीने मेले आणि त्या मरणातून देशाचे पहिले मोठे शोकनाट्य तयार झाले. १८६५ साली मेलबर्नमध्ये त्यांचा भव्य पुतळा उभा राहिला. पुढे विसाव्या शतकात सिडनी नोलनसारख्या थोर चित्रकाराने या विषयावर चित्रांच्या मालिकाच काढल्या. बर्क उंटावर बसलेला, खाली अफाट वाळवंट. त्या मालिकांतली गाजलेली चित्रे आठवली तर बर्क आठवतो, उंट आठवतो. उंट आणणारा आठवत नाही.

खरे काम सुरू झाले १८६६ पासून. टॉमस एल्डर या धनाढ्य व्यापाऱ्याने कराचीहून सव्वाशेच्या आसपास उंट आणि एकतीस उंटवाले मागवले. ते पोर्ट ऑगस्टा बंदरात उतरले. वाचकांना आठवण करून द्यायला हरकत नाही की तेव्हाची कराची मुंबई इलाख्यात मोडत होती. १९३६ पर्यंत सिंधचा कारभार मुंबईहूनच चाले. म्हणजे सरकारी कागदांच्या हिशेबाने ही माणसे आपल्याच इलाख्यातून निघाली. पुढच्या अर्ध्या शतकात दोन हजारांहून अधिक उंटवाले आणि वीस हजारांच्या आसपास उंट तिथे गेले असे अभ्यासक मानतात. तीन वर्षांचा करार, तुटपुंजा पगार, बायकापोरे मुलखात. कोणी पठाण, कोणी बलुची, कोणी सिंधी, कोणी पंजाबी, कोणी राजपुतान्यातला. पश्तू बोलणाऱ्याला बलुची समजत नव्हती. पण तिथे उतरल्यावर सगळ्यांचे एकच नाव झाले, 'अफगाण', आणि त्याचा चुरगळून 'घान'. आपणही या गोष्टीशी अनोळखी नाही. मराठीत लिहिणाऱ्या मुसलमानाला आजही 'तुमचे मराठी छान आहे हो' असे कौतुक ऐकून घ्यावे लागते. कौतुक करणाऱ्याच्या मनात काही वाईट नसते, हेही खरे.

१८७० ते १८७२ या काळात पोर्ट ऑगस्टापासून डार्विनपर्यंत सुमारे ३२०० किलोमीटरची तारयंत्राची वाहिनी टाकली गेली आणि ऑस्ट्रेलिया जगाशी जोडला गेला. तिच्या कोरड्या टप्प्यांवर सामान पोहोचवायला उंट होते. सोन्याच्या खाणींना पीठ, साखर, चहा आणि पाणी पोहोचवायला उंट होते. एक तगडा नर उंट चार-पाच क्विंटल ओझे सहज नेई. आणि उलुरूची गोष्ट तर सांगायलाच हवी. खंडाच्या मध्यावर उभा असलेला तो प्रचंड लाल खडक आज ऑस्ट्रेलियाच्या प्रत्येक पोस्टकार्डावर असतो. मूळच्या अनांगू लोकांची ती पवित्र जागा. जुलै १८७३ मध्ये विल्यम गॉस हा सर्वेक्षक तिथे पोहोचला आणि त्याने खडकाला एका इंग्रज साहेबाचे नाव देऊन टाकले. बाहेरून आलेल्यांपैकी त्या खडकावर प्रथम चढलेला माणूस म्हणून गॉसचे नाव घेतले जाते. त्याच्याबरोबर एक सारबानही वर चढला होता. त्याचे नाव कामरान. पाठ्यपुस्तकात एक ओळ वाढवली असती तर कोणाचे काय बिघडले असते? अर्थात ज्यांचा तो खडक, त्या अनांगूंना कोणीच तिथे चढायला नको होते. २०१९ च्या ऑक्टोबरपासून ती चढाई कायमची बंद झाली, आणि आमच्या मते ते योग्यच झाले.

या माणसांची वस्ती गावाच्या कडेला असे, बहुधा रेल्वेच्या रुळांपलीकडे. तिला 'घानटाऊन' म्हणत. पत्र्याच्या आणि मातीच्या छोट्या मशिदी त्यांनी उभ्या केल्या. मारी या वाळवंटी गावातली मशीद फार जुनी. ब्रोकन हिलची मशीद तर चक्क नालीदार पत्र्याची. ॲडलेडमध्ये १८८८-८९ साली दगडी मशीद झाली आणि १९०३ मध्ये तिला चार मिनार चढले. थकलेले, म्हातारे झालेले उंटवाले आपले शेवटचे दिवस काढायला तिथे येत. कित्येकांनी मूळच्या आदिवासी स्त्रियांशी किंवा गोऱ्या स्त्रियांशी लग्ने केली. ॲलिस स्प्रिंग्ज शहरात 'सादादीन' नावाचे एक उपनगर आहे. ते एका सारबानाचे नाव. 'सादुद्दीन' या नावाची ही रानवाटेवरची अवस्था पाहून उर्दूच्या मास्तराला थोडे हसू येते आणि थोडे गलबलते.

गोऱ्या गाडीवानांचा आणि मजुरांच्या संघटनांचा त्यांच्यावर राग होता. हे स्वस्तात माल वाहतात, आमची रोजी मारतात, अशी तक्रार. राग केवळ पोटापुरता नव्हता. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या सोन्याच्या मुलखात १८९४ साली पाणवठ्यावर पाय धुतल्याच्या कारणावरून एका गोऱ्याने उंटवाल्यांवर गोळ्या झाडल्या. न्यायालयाने त्याला निर्दोष सोडले. ज्या 'मेट' नावाच्या यारीवर बुलेटिनवाले कविता करत होते तिची वेस कुठे संपते हे त्या पाणवठ्यावर कळते. त्या साप्ताहिकाने विसाव्या शतकाच्या आरंभी आपल्या नावाखाली ऑस्ट्रेलिया गोऱ्यांसाठी अशा अर्थाचे ब्रीदवाक्यच छापायला सुरुवात केली. ते काढून टाकायला १९६० चा सुमार उजाडला.

१९०१ मध्ये सहा वसाहती मिळून एक राष्ट्र झाले. ९ मे १९०१ रोजी मेलबर्नमध्ये पहिल्या संसदेचे उद्घाटन झाले आणि त्या सोहळ्याचे चित्र काढण्याचे काम मिळाले आपल्याच टॉम रॉबर्ट्सला. भलेमोठे चित्र. त्यात अडीचशेहून अधिक माणसांचे चेहरे ओळखू येतील असे काढलेले. ते पुरे करायला त्याला १९०३ साल उजाडले. चित्रातल्या याच संसदेने पहिल्याच वर्षी प्रवेशनिर्बंधाचा कायदा केला. बंदरावर उतरणाऱ्या परक्याला कोणत्याही युरोपीय भाषेतला पन्नास शब्दांचा मजकूर सांगायचा आणि तो त्याने बिनचूक लिहायचा. इंग्रजी येत असेल तर दुसरी भाषा काढायची. शिक्षक म्हणून आम्ही आयुष्यभर श्रुतलेखन घेतो. मूल नापास व्हावे म्हणूनच घेतलेले श्रुतलेखन आम्ही अन्यत्र कुठे ऐकले नाही. ही परीक्षा १९५८ पर्यंत चालू होती. १९०२ च्या कायद्याने आशियातून आलेल्यांना, आणि त्या भूमीच्या मूळ रहिवाशांनाही, मतदानातून वगळले. १९०३ च्या कायद्याने आशियाईंना नागरिकत्वाचा दरवाजा बंद झाला. ब्रिटिश हिंदुस्थानातून आलेला माणूस बादशहाचा प्रजाजन होता, पण बादशहाच्या या मुलखात तो मुसाफिरच राहिला.

यानंतरचे साल १९१५. याच्याबद्दल लिहिताना हात जरा जड होतो, पण टाळणे अप्रामाणिक होईल. १ जानेवारी १९१५ रोजी ब्रोकन हिलमध्ये सहलीला निघालेल्या माणसांनी भरलेल्या रेल्वेवर दोघांनी गोळीबार केला. एक आइस्क्रीम विकणारा बादशाह महंमद गुल आणि दुसरा मुल्ला अब्दुल्ला, जो जुना उंटवाला, पुढे वस्तीचा इमाम आणि खाटीक होता. आइस्क्रीमच्या हातगाडीवर त्यांनी तुर्कस्तानचा झेंडा लावला होता. चार माणसे गेली, सात जखमी झाली, आणि दोघेही मारले गेले. परवान्याविना जनावर कापल्याबद्दल मुल्लाला काही दिवसांपूर्वीच दंड झाला होता, हा राग त्याने आपल्या चिठ्ठीत लिहून ठेवला. कारण काहीही असो, सहलीला निघालेल्या बायकापोरांवर गोळ्या झाडणे हा खूनच, त्याला दुसरे नाव नाही. त्या रात्री जमावाने गावातला जर्मन क्लब जाळला. मग तो उंटवाल्यांच्या वस्तीकडे वळला, तेव्हा पोलीस आणि सैनिकांनी त्याला अडवले. वस्तीतल्या ज्यांचा या कृत्याशी काही संबंध नव्हता त्यांनी ती रात्र कशी काढली असेल, याची कल्पना आपल्या वाचकांना करून द्यायला नको.

त्याच वर्षी २५ एप्रिलला ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडचे सैनिक तुर्कस्तानच्या गॅलिपोली किनाऱ्यावर उतरले. लढाई हरली, पण तिच्यातून ऑस्ट्रेलियाला आपला दुसरा नायक मिळाला, सैनिक. रानातल्या त्या रापलेल्या माणसालाच जणू गणवेश चढवला. दरवर्षी २५ एप्रिलला पहाटे तिथे गावोगावी माणसे जमतात. १९८१ साली पीटर विअर या दिग्दर्शकाने गॅलिपोलीवर चित्रपट काढला आणि नव्या पिढीच्या मनात ही प्रतिमा पुन्हा पक्की केली. या आख्यायिकेत सर्वांत लाडका आहे सिम्पसन नावाचा शिपाई, जो गाढवावर जखमींना लादून गोळ्यांच्या वर्षावातून खाली आणत असे. १९ मे १९१५ ला तो मारला गेला. कॅनबेराच्या युद्धस्मारकाशी त्याचा गाढवासह पुतळा आहे. हा सिम्पसन राहायचा कोणाबरोबर? हिंदुस्थानी फौजेच्या एकविसाव्या कोहाट पहाडी तोफखान्याबरोबर. शीख आणि पंजाबी मुसलमान गोलंदाजांच्या त्या तळावर त्याचे बिऱ्हाड होते आणि ते त्याला 'बहादूर' म्हणत. ऑस्ट्रेलियाच्या सर्वांत प्रिय शिपायाला सर्वांत आधी ज्यांनी पदवी दिली ते आपले लोक होते. पुतळ्याकडे पाहून हे कोणाला कळणार?

मोटारी आल्या आणि उंटांचे दिवस भरले. दक्षिण ऑस्ट्रेलियाने १९२५ मध्ये उंट नष्ट करण्याचा कायदा केला. नोंदणी नसलेल्या मोकाट उंटांना गोळी घालण्याची मुभा मिळाली. ज्यांनी ती जनावरे पोरांसारखी वाढवली होती त्यांतल्या अनेकांनी रात्री दोर सोडले आणि त्यांना वाळवंटात जाऊ दिले. त्यांचीच पिलावळ पुढे लाखोंच्या घरात गेली, आणि २००९ ते २०१३ या काळात सरकारी मोहिमेत सुमारे १ लाख ६० हजार उंट मारले गेले. पाणवठे आणि रानाचे नुकसान होत होते, हे कारण खोटे नाही.

पण उंटाने जाता जाता कलेला एक देणगी दिली. अल्बर्ट नामत्जिरा हा अरेर्न्टे जमातीचा माणूस, जन्म १९०२ चा. मध्य ऑस्ट्रेलियात तो उंट हाकण्याचे काम करीत असे. रेक्स बॅटरबी नावाचा गोरा चित्रकार तिथे चित्रे काढायला आला, तेव्हा १९३६ मध्ये नामत्जिराने सौदा केला. मी तुझे उंट हाकतो, वाट दाखवतो, तू मला जलरंग शिकव. दोन वर्षांनी मेलबर्नमध्ये त्याचे प्रदर्शन भरले आणि सगळी चित्रे विकली गेली. जांभळे डोंगर, पांढऱ्या खोडांची झाडे. गोऱ्यांच्या दिवाणखान्यात त्याच्या चित्रांच्या छापील प्रती लागल्या. एवढे करूनही त्याला नागरिकाचे हक्क मिळाले १९५७ साली. १९५८ मध्ये आपल्या नातलगाला दारू दिल्याबद्दल त्याला शिक्षा झाली, कारण त्या नातलगाला तो हक्क नव्हता. १९५९ मध्ये तो मेला. ज्यांच्या भूमीचे चित्र देश भिंतीवर लावत होता त्यांनाच त्या देशाने दारात उभे ठेवले होते. आमच्या सारबानांची व्यथा सांगताना ही व्यथा अधिक जुनी आणि अधिक खोल आहे, हे विसरता येत नाही.

१९५४ मध्ये जॉन हेयर या दिग्दर्शकाने मारीहून बर्ड्सव्हिलला जाणाऱ्या टपालगाडीवर एक अनुबोधपट काढला. व्हेनिसच्या महोत्सवात त्याला सर्वोच्च पारितोषिक मिळाले. वाळवंट, टपालवाला, तुटकी लॉरी, म्हणजे पुन्हा तीच रानाची दंतकथा. पण त्यात क्षणभर एक म्हातारा बलुची दिसतो. तो बेजा दरवेश. आधी हिंदुस्थानी फौजेत होता, १८९० मध्ये उंट घेऊन ऑस्ट्रेलियात उतरला. १८९६ च्या एका भीषण मोहिमेत त्याने उंट आणि माणसे सांभाळली, म्हणून मोहिमेच्या प्रमुखाने आपले होकायंत्र त्याला बक्षीस दिले. त्याच्या मुलाने १९३९ मध्ये सिम्पसन वाळवंट ओलांडणाऱ्या मोहिमेत उंट हाकले. म्हाताऱ्याने मारीत खजुराची झाडे लावली आणि १९५७ मध्ये तिथेच डोळे मिटले. देशाच्या सर्वांत गाजलेल्या चित्रपटांपैकी एकात सारबान आला तो असा, मावळताना.

ब्रोकन हिलची पत्र्याची मशीद रिकामी पडली होती. १९६० च्या दशकात गावातल्या इतिहासप्रेमींनी ती दुरुस्त केली आणि वस्तुसंग्रहालय केले. हे त्यांचे उपकारच. तिथे एक जाडजूड ग्रंथ होता आणि त्यावर 'पवित्र कुराण' अशी चिठ्ठी होती. वर्षानुवर्षे लोक येत, पाहत, जात. मग सामिया खातून ही ढाक्यात जन्मलेली, सिडनीत वाढलेली इतिहासकार तिथे गेली. तिने ग्रंथ उघडला तर आत बंगाली पद्य. पाचशे पानांचे 'कससुल अंबिया', म्हणजे पैगंबरांच्या कथा. आपल्यापैकी अनेकांच्या घरात आजी-नानीच्या उशाशी याच नावाचे उर्दू पुस्तक असते. कोणीतरी बंगाली खलाशी किंवा फेरीवाला ते इतक्या दूर घेऊन गेला होता आणि वाळवंटात बसून मोठ्याने वाचत होता. या एका पुस्तकाचा माग काढत खातूनने २०१८ मध्ये 'ऑस्ट्रेलियानामा' हा ग्रंथ लिहिला. आम्हाला त्यातली सर्वांत मोलाची गोष्ट ही वाटते की तिने इंग्रजी दप्तरांवर न थांबता बंगाली, उर्दू आणि आदिवासी लोकांच्या स्मृती वाचल्या. अरबीसारखे वळण दिसले की कुराण आणि पगडी दिसली की अफगाण, एवढ्यावर भागवणाऱ्यांना हे जमणारे नव्हते. या ग्रंथात तर अक्षरे बंगाली होती, तरीही चिठ्ठी कुराणाची लागली.

२०१६ साली ॲडलेडच्या पीटर ड्रू या कलाकाराने ऑस्ट्रेलियाच्या शहरांत भिंतींवर एक भित्तिपत्रक चिकटवले. पगडी बांधलेल्या रुबाबदार माणसाचे जुने छायाचित्र आणि खाली मोठ्या अक्षरांत 'ऑसी', म्हणजे अस्सल ऑस्ट्रेलियन. तो माणूस मोंगा खान, पंजाबातून गेलेला, व्हिक्टोरिया प्रांतात अरारात गावाकडे फेरी करून माल विकणारा. पत्रक खूप गाजले. आम्हालाही आवडले. तरी एक शंका राहते. ते छायाचित्र राष्ट्रीय अभिलेखागारातून घेतले आहे, आणि ते काढले गेले होते श्रुतलेखनाच्या त्या परीक्षेतून सूट मिळावी म्हणून भरायच्या अर्जासाठी. मुलखाला जाऊन परत यायचे असेल तर समोरून एक, बाजूने एक छायाचित्र आणि हाताचा ठसा द्यावा लागे. म्हणजे तो ऑसी नाही हे ठरवणाऱ्या कागदावरूनच त्याला ऑसी केले गेले. हेतू चांगला होता यात वाद नाही. पण त्या माणसाची फेरीची वाट, त्याची गिऱ्हाइके, त्याचे गाव हेही लोकांनी विचारावे, असे आम्हाला वाटते. त्याच वर्षी वलीद अली या मुसलमान निवेदकाला तिथल्या दूरचित्रवाणीचा सर्वांत मोठा, प्रेक्षकांच्या मतांनी मिळणारा सुवर्ण पुरस्कार मिळाला. त्याआधी २०११ च्या जानेवारीत सिडनीच्या मैदानावर उस्मान ख्वाजा कसोटी संघात उतरला होता, ऑस्ट्रेलियाकडून खेळणारा पहिला मुसलमान. क्रिकेटचे आकडे आमच्या विद्यार्थ्यांना आमच्यापेक्षा जास्त पाठ आहेत, म्हणून ते इथे देत नाही.

रान आणि सैनिक यांच्यानंतरची ऑस्ट्रेलियाची तिसरी प्रतिमा समुद्रकिनारा. मॅक्स ड्युपेनने १९३७ मध्ये वाळूवर पालथ्या पडलेल्या एका पुरुषाचे छायाचित्र घेतले, तेच या प्रतिमेचे मूळ. ११ डिसेंबर २००५ ला सिडनीच्या क्रोनुला किनाऱ्यावर सुमारे पाच हजारांचा जमाव जमला आणि अरब दिसणाऱ्यांना त्याने मारहाण केली. किनारा आमचा, अशी आरोळी होती. यानंतर जीवरक्षकांच्या संघटनेने मुसलमान तरुणांना प्रशिक्षण द्यायला घेतले. सिडनीच्याच अहेदा झनेट्टी या महिलेने अंगभर पोहण्याचा पोशाख, बुर्किनी, तयार केलेलाच होता. जीवरक्षकांच्या लाल-पिवळ्या रंगांत तो शिवला गेला आणि लेबनीज कुळातली एक तरुणी तो घालून किनाऱ्यावर पहाऱ्याला उभी राहिली. २०२० मध्ये 'द फर्नेस' हा सारबानावरचा कथापटही आला. १८९७ च्या सोन्याच्या मुलखातली गोष्ट, आणि नायक उंटवाला. बर्कच्या मोहिमेपासून मोजले तर याला १६० वर्षे लागली.

शेवटची घटना अगदी अलीकडची. व्हेनिस येथे दर दोन वर्षांनी जगातल्या देशांचे कलाप्रदर्शन भरते आणि तिथे आपल्या देशाच्या दालनात कोण जाणार हा मोठा मान असतो. २०२६ च्या प्रदर्शनासाठी ऑस्ट्रेलियाने ७ फेब्रुवारी २०२५ रोजी खालेद सबसाबी या लेबनॉनमध्ये जन्मलेल्या, पश्चिम सिडनीत वाढलेल्या मुसलमान कलावंताचे नाव जाहीर केले. त्याच्या पूर्वीच्या कामांवरून संसदेत प्रश्न आला आणि १३ तारखेला, म्हणजे सहाच दिवसांत, शासकीय कलामंडळाने निवड रद्द केली. देशभरच्या कलावंतांनी निषेध केला, मंडळातून राजीनामे गेले, बाहेरच्या संस्थेकडून चौकशी झाली. २ जुलै २०२५ रोजी त्याच मंडळाने सबसाबीला पुन्हा बोलावले.